मनगटावर राहिलेली रिंग

दोन हात एकाच वेळी एकाच खोक्यावर पडले.

एक हात जेबाचा. नखं बारीक कापलेली, बोटाच्या टोकाला प्रयोगशाळेतला जुना तपकिरी डाग. दुसरा हात लांब बोटांचा आणि इतका स्वच्छ, की जणू आत्ताच कोपरापर्यंत धुऊन आला असावा.

"हा माझा आहे," जेबा म्हणाली.

"तुमचा? मी सकाळीच फोन करून ठेवायला सांगितलाय."

"मी काल सांगितलाय."

दोघांनी एकदमच काउंटरपलीकडे पाहिलं. माणिकप्पा मूळचे देगलूरकडचे. नांदेडच्या जुन्या मोंढ्याजवळ त्यांचं सुट्या भागांचं दुकान होतं. ज्या गाड्या बनवायच्या बंद झाल्या, त्यांचंसुद्धा काही ना काही तिथे सापडायचं. आता मात्र त्यांनी टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं.

"चुकलंच की माझं. दोघांनाबी हाव म्हणून बसलो. मला वाटलं, एकाच गाडीसाठी दोघं फोन करून राहिलेत."

"एक बाई आणि एक पुरुष… एकाच गाडीसाठी?"

"नवरा-बायको असतील म्हणलं, ताई."

त्या तरुणाला एकदम खोकला आला. जेबानं ओढणी सारखी केली – ती आधीच सारखी होती.

"नंबर तरी बघू या," तो सावरून म्हणाला. "कदाचित हा पंप तुमच्या गाडीचा नसेलच."

"किंवा तुमच्या."

"किंवा माझ्या," तो हसला.

माणिकप्पांनी खोकं उघडलं. आत पेट्रोलचा पंप, त्याची जाळी आणि टाकीच्या तोंडावर बसते ती काळी रबरी रिंग. पंपाचा नंबर नेमका खालच्या खाचेत छापलेला, वाकून पाहिलं तरी दिसेना. माणिकप्पांनी रिंग काढून त्या तरुणाच्या हातात दिली, "धरा जरा". त्यानं ती सवयीनं मनगटावर चढवली, आणि खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं. बारीक दांडी आणि टोकाला गोल, नखाएवढा आरसा.

जेबानं भुवया उंचावल्या.

"दातांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला. "यासेर. खिशात पेन नसतो माझ्या, पण हा असतो." त्यानं आरसा खाचेत घातला आणि डोळे बारीक केले. "सात… नाही, हा इंग्रजी एल… उलटा…"

जेबानं त्याच्या खांद्यावरून नुसतं पाहिलं आणि अख्खा नंबर सलग वाचून दाखवला.

यासेर वळला. इतक्या जवळून, की तिला त्याच्या शर्टाचा लवंगेसारखा वास आला. दवाखान्याचा वास.

"तुम्हाला आरशातलं वाचता येतं?"

"काही रेणू एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असतात. एम.एस्सी.ला दोन वर्षं तेच काढत बसले होते."

"आणि मी आठ वर्षं दातांत आरसा घालतोय, मला एक ओळ येईना."

"तुमच्या दातांवर नंबर छापलेले नसतात ना. नंबर बरोबर आहे. माझ्याच गाडीचा आहे."

"माझ्याही."

पुन्हा तेच. बाहेर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता. दुकानात ग्रीस आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास भरून होता. जेबानं क्षणभर विचार केला, मग अगदी शांतपणे विचारलं, "तुमच्या गाडीला झालंय काय?"

"चालता चालता बंद पडते. पंपच गेला असणार."

"किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून आवाज येतो का? इंजिन सुरू व्हायच्या आधी?"

तो थबकला. "येतो. बारीक… भुंगा फिरल्यासारखा."

"मग तुमचा पंप जिवंत आहे. फिल्टर तुंबला असेल. माझ्या गाडीत तो आवाजच येत नाही. वीज पंपापर्यंत पोचते, मी मोजून पाहिलंय. पंप फिरत नाही." ती थांबली. "भुंगा मेलाय."

यासेर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं खोक्यावरचा हात हळूच काढून घेतला.

"म्हणजे दुखणारी दाढ सोडून शेजारची उपटायला निघालो होतो मी."

"तसंच काहीसं."

"माणिकप्पा, मला फिल्टर द्या. अन् माझ्या कुणा पेशंटला सांगू नका."

जेबा हसली. आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं तेव्हा लातूरची बस आठवली, आणि तिनं घाईघाईनं खोकं बंद करून पिशवीत टाकलं.

"आणि फिल्टर बदलूनही नाही चालली तर?" मागून आवाज आला.

"तर एक सेन्सर असतो, तो बघायचा."

"आणि त्यानंही नाही झालं तर?"

ती दाराशी वळली. "तर माणिकप्पांकडे माझा नंबर आहे," असं म्हणून गेली… आणि रस्त्यावर येईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

*

बस लोह्याच्या पुढे आली तेव्हा खिडकीतून नुकत्याच काढलेल्या सोयाबीनचा कोरडा, तुरट वास आत यायला लागला. जेबानं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. त्या पिशवीत तिची नोकरी होती.

शिरूर अनंतपाळच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची जागा तिला मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. कॉलेज सकाळचं, लातूरहून पहिली बस तिथे पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा. तिथे एकटीनं खोली घेऊन राहायचं म्हटल्यावर सालेहा फुफीनं हातातलं ताट खाली ठेवलं होतं. फुफी अब्बांची मोठी बहीण. जेबाची अम्मी गेल्यापासून घर तिनंच चालवलं, आणि घरात तिचा शब्द मोठा.

"एकटी पोरगी परगावात राहणार न्हाई. गाडीनं जाते म्हणती, पण ती गाडी हाय का मढं? मिस्त्रीनंबी हात टेकले. अंगणात कोंबड्या अंडी घालून राहिल्यात तिच्यात."

अब्बा, म्हणजे दस्तगीर टेलर, दोघींच्या मधे सापडले होते. ही पांढरी गाडी त्यांनी जेबा लहान असताना घेतली होती, शाळांच्या गणवेशाचं कापड आणायला. तिच्यातच त्यांनी बाजार समितीच्या रिकाम्या मैदानावर जेबाला चालवायला शिकवलं होतं. शेवटी ते सगळ्यांसमोर बोलून गेले होते. "रविवारी दुपारी असरच्या नमाजपर्यंत गाडी सुरू झाली, तर पोरगी गाडीनं जाईल. न्हाई झाली, तर लातुरातच दुसरं काही बघू." फुफीनं लगेच भंगारवाल्याला रविवारचं बोलावणं धाडलं.

खिडकीबाहेर पाहताना जेबा मनातल्या मनात काम पुन्हा पुन्हा करत होती. सीट काढायची, झाकण उघडायचं, बोल्ट सोडवायचे… प्रत्येक वेळी मधेच कुठेतरी एक गोल आरसा यायचा, आणि तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

*

रविवारी सकाळी लातुरातल्या गंजगोलाईमागच्या गल्लीत अंगणभर ऊन होतं. जेबानं केस घट्ट बांधले, अब्बांचा जुना शर्ट चढवला, बॅटरीची तार काढली आणि गाडीची चारही दारं सताड उघडली. कोंबड्या हाकलल्या. मग जमिनीवर स्वच्छ चादर अंथरून तिनं एकेक वस्तू मांडली, जशी ती प्रयोगाआधी टेबलावर मांडायची. पाने, पकड, कापड, नवा पंप, जाळी…

रिंग?

तिनं खोकं उलटं केलं. पुठ्ठा फाडून पाहिला. पिशवी झटकली.

रिंग नव्हती.

जुनी रिंग चालणार नव्हती. पेट्रोलात राहून ती फुगते, एकदा काढली की खाचेत पुन्हा बसत नाही. आणि रिंगेशिवाय टाकी बंद केली तर पेट्रोलची वाफ गाडीत भरणार. अशी गाडी ती रस्त्यावर आणणार नव्हती – कुठल्याही नोकरीसाठी नाही. रविवारी लातुरातली दुकानं बंद, आणि उघडी असती तरी या गाडीचं काही तिथे मिळत नव्हतं. म्हणून तर ती नांदेडला गेली होती.

जेबा चादरीवर बसली. बाटलीवरचं नाव दोनदा वाचल्याशिवाय तिनं कधी थेंब ओतला नव्हता. आणि काल… काल ती खोकं न तपासता निघाली होती.

बाजेवरून फुफी म्हणाली, "काय झालं? डब्यातून भूत निघालं का?"

जेबानं माणिकप्पांना फोन लावला.

"ताई, तुमचाच फोन लावणार होतो बघा!" माणिकप्पांचा आवाज घरातल्या टीव्हीच्या वर चढला. "ती रिंग नांदेडहून निघालीय."

"निघालीय?"

"डॉक्टरच्या हातात हाय ती. हातात म्हणजे मनगटात. अजून काढली न्हाई म्हणे, हरवंल म्हणून. सकाळच्या बसनं निघाले, अहमदपूरच्या पुढं आले असतील आता. तुमचा नंबर दिलाय मी. चालतंय ना?"

"चालतंय," जेबा म्हणाली. आणि मग स्वतःशीच, अगदी हळू, "चालतंय की."

*

तो आला तेव्हा अंगणातली सावली भिंतीच्या पायाशी गेली होती. दारात उभा राहून त्यानं आधी अब्बांना सलाम केला, मग फुफीला, आणि मग बाही वर करून हात पुढे केला. मनगटावर काळी रिंग सैल कड्यासारखी लोंबत होती.

"काल संध्याकाळी मगरिबच्या नमाजआधी वजूला, हात धुवायला, बाह्या वर केल्या," तो जेबाला म्हणाला, "आणि बघतो तर ही. माणिकप्पांचा फोन सकाळपर्यंत लागेना. रात्रभर झोप नाही. वाटलं, त्या मॅडम मला काय काय म्हणत असतील…"

"काहीच नाही म्हणाले. खोकं तपासायचं काम माझं होतं."

"म्हणजे रागावला नाहीत?"

"रागावलेय. पण काम झाल्यावर रागावेन. आधी हात धुऊन या, रिंगेला धूळ लागायला नको."

फुफीनं अब्बांकडे पाहिलं. अब्बा सुईत दोरा ओवण्यात एकदम गढून गेले.

जेवणाची वेळ, पाहुण्याला उपाशी ठेवायची या घरात रीत नव्हती. दालचा-खाना झाला. यासेर चार घास जेवला, पण त्याचं लक्ष फुफीच्या चावण्याकडे होतं.

"फुफी, उजवीकडची खालची दाढ… बऱ्याच दिवसांपासून?"

फुफीचा घास तोंडातच थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. सगळं डावीकडून चावून राहिल्या."

"काही दुखत न्हाई मला. तू आपली गाडी बघ," फुफी म्हणाली, आणि पुढचा घास मुद्दाम उजवीकडे नेला. तिचे डोळे भरून आले.

*

मागची सीट काढून अंगणात ठेवली. खालचं पत्र्याचं झाकण निघालं, आणि टाकीचं तोंड दिसलं. त्याच्याभोवती बोल्ट, गंजलेले.

"मी काय करू?" यासेरनं विचारलं.

"फोन बाहेर ठेवा. टॉर्च लावायची नाही. उघड्या टाकीजवळ ठिणगी नको. आणि मी सांगेन ते हातात द्या."

"म्हणजे मी तुमची नर्स."

"चांगली नर्स बडबड करत नाही."

"माझी करते," तो पुटपुटला आणि पाना पुढे केला.

एकेक बोल्ट ती अर्धा अर्धा फेरा सैल करत गेली, समोरासमोरचे, आळीपाळीनं. तिच्या कपाळावरची बट घामानं चिकटली. हात काळे, त्यामुळे ती फुंकर मारून बट उडवू पाहत होती. यासेरनं बोट पुढे केलं… थांबला… आणि स्वतःचा स्वच्छ रुमाल तिच्या मनगटावर ठेवला. तिनं मनगटानं कपाळ पुसलं.

जुना पंप तिरका करत, अलगद, तिनं वर काढला. पेट्रोलचा थंड, झोंबणारा वास उसळला. तेवढ्यात कड्याला चिकटून बसलेला एक गंजका बोल्ट सुटला आणि – टप्प.

टाकीत.

जेबानं डोळे मिटले. "तो आत राहिला तर टाकीभर गडगडत फिरेल. गंज जाळीत जाईल."

"दिसतोय का?"

"अंधार आहे. आणि टॉर्च लावायची नाही."

यासेरनं खिशाला हात लावला. मग सावकाश तो आरसा बाहेर काढला. "उन्हाला ठिणगी नसते ना?"

जेबानं त्याच्याकडे पाहिलं. काल आणि आज मिळून पहिल्यांदा ती काही न मोजता, न तपासता, नुसती पाहत राहिली.

"नसते," ती म्हणाली.

उघड्या दारातून ऊन आत येत होतं. त्यानं त्यात आरसा धरला. एक छोटासा, डोळे दिपवणारा कवडसा छतावर उडाला, तिच्या गालावर आला –

"तिथे नाही. टाकीत."

"हाव, हाव. नेम बसवून राहिलो."

– आणि टाकीच्या तोंडातून आत उतरला. पेट्रोलावर सोनेरी चकती थरथरली. जेबा वाकली. अब्बांकडून मेणाचा पक्का दोरा मागून घेतला, त्याला जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कापडात गुंडाळून बांधलं, आणि ते कवडशाच्या मागे सोडू लागली. तेवढ्यात कवडसा विझला.

ढग.

परतीच्या पावसाचा एक राखाडी ढग नेमका गंजगोलाईवर येऊन थांबला होता. गाडीत दोघं टाकीच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर. तिच्या हातात दोरा, त्याच्या हातात आरसा. हलता येत नव्हतं. कोपऱ्यावरच्या घराच्या पत्र्यावर चार थेंब वाजले आणि थांबले.

"आ करा म्हणावं का टाकीला?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमच्या पेशंटना हसू येतं?"

"तोंड उघडं असतं, त्यामुळे कळत नाही." त्यानं आरसा सावरला. "तुम्ही उद्या शिरूरला पोचल्यावर… पहिला तास कशाचा घेणार?"

"मोजमापाचा. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हेच आधी शिकवते मी."

"आणि ज्या गोष्टी मोजता येत नाहीत?"

जेबाच्या हातातला दोरा किंचित हलला. "त्या अभ्यासक्रमात नाहीत."

"म्हणजे नसतात असं नाही…"

तिनं नजर काढून घेतली नाही. बाजेवरून फुफी जोरात खाकरली, आणि ढग सरकला.

ऊन परत आलं. कवडसा सरळ आत गेला. तळाशी, डाव्या कोपऱ्यात बोल्ट चमकला. "थोडं उजवीकडे… अजून… थांबा," यासेरचा आवाज एकदम कामाचा झाला. जेबानं श्वास धरून दोरा सोडला. टक्. चुंबकाला बोल्ट चिकटल्याचा तो बारीक आवाज दोघांनीही ऐकला. हळूहळू दोरा वर आला, आणि त्याच्या टोकाला गंजका, थेंब गाळणारा तो बोल्ट.

"निघाली!" यासेर ओरडला. "दाढ निघाली!"

अब्बा सुई टाकून धावत आले.

पुढचं काम सरळ होतं. जुनी, फुगलेली रिंग काढून तिनं अंगणात फेकली, नव्या पंपाला जाळी लावली, आणि हात पुढे केला. यासेरनं मनगटावरून रिंग उतरवली. ती त्याच्या अंगानं कोमट झाली होती. जेबानं ती खाचेत ठेवून बोटानं फिरवत दाबत नेली. पूर्ण गोल. कुठेही वर उचललेली नाही. मग तपासायला बोट फिरवलं. दोनदा.

पंप आत सोडून बोल्ट आवळत असतानाच गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याच्या टेम्पोचा भोंगा वाजला, आणि पाठोपाठ असरची अजान झाली.

"आला बघ," फुफी उठली.

जेबानं बॅटरीची तार लावली. पुढच्या सीटवर बसली. हात शर्टाला पुसले. मग किल्ली अर्धी फिरवली.

मागून – अगदी बारीक, सलग – भुंग्याचा आवाज आला. आणि थांबला.

"आला!" मागून यासेर म्हणाला. "ऐकलं? आला!"

"थांबा. नळीत अजून पेट्रोल भरायचंय." तिनं किल्ली बंद केली, पुन्हा अर्धी फिरवली. भुंगा. पुन्हा बंद, पुन्हा भुंगा. मग ओठ घट्ट मिटून पूर्ण फिरवली.

इंजिन खोकलं. थांबलं. खाकरलं… आणि एकदम धडधडायला लागलं. मागून काळा धूर सुटला, कोंबड्या चारी दिशांना उडाल्या, भिंतीवरचं मांजर पळालं. जेबा सीटवरून मागे वळली, टाकीवर वाकून नीट वास घेतला. वाफ नाही. गळती नाही. मग तिनं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की यासेरही हसायला लागला.

दारात भंगारवाला उभा होता. अब्बा त्याच्याकडे गेले, आणि लातुरातल्या सगळ्या गणवेशांची मापं घेतलेल्या त्या शांत माणसानं आवाज चढवून सांगितलं, "टेम्पो मागं घे. माझ्या पोरीची गाडी बाहेर निघायलीय!"

संध्याकाळी जेबानं यासेरला बसस्थानकावर सोडलं. मागं फुफी बसली होती, गालाला हात लावून. "पोरीला एकटं सोडणार न्हाई म्हणून आले," असं ती सांगत होती, पण प्रत्येक खड्ड्यानंतर तीच म्हणत होती, "लई चांगली चालून राहिली बाई."

यासेर उतरला. "रागावायचं राहिलं तुमचं."

"लक्षात आहे."

"कधी रागावणार?"

जेबानं गियर टाकला. "पुढच्या रविवारी. फुफीच्या दाढेचं काय ते तुम्हीच बघायचं ना?"

*

सोमवारी शिरूर अनंतपाळच्या कॉलेजची घंटा झाली तेव्हा पांढरी गाडी कडुलिंबाखाली उभी होती, आणि नवीन मॅडम फळ्यावर तारीख लिहीत होत्या. फाटकावर जमलेली पोरं गाडीकडे बोट दाखवत होती. "मॅडमनं सोताच बसवला म्हणं पंप." ही बातमी तिच्या आधी तिथे कशी पोचली ते तिला कधीच कळलं नाही. बहुधा अब्बांनी फोनवर अख्ख्या तालुक्याला सांगितलं असावं.

आणि पुढच्या रविवारी ती नांदेडला गेली. गाडीनं. स्वतः चालवत.

फुफीची दाढ निघाली. बधिर गाल धरून ती दवाखान्याच्या पायरीवर बसली, आणि समोर रस्त्याच्या कडेला यासेरची गाडी उघडी होती. जेबा तिच्याखाली, यासेर बाजूला उकिडवा.

"फिल्टर अजून बदलला नाही?"

"माणिकप्पांनी दिला. पण बसवायला… मला येत नाही."

"दातांत एवढीशी तार बसवता, आणि हे येत नाही?"

"नाही येत," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

जेबा खालून बाहेर आली. हातात जुना, काळा पडलेला फिल्टर. किल्ली फिरवली; भुंगा आला, इंजिन पहिल्याच खेपेला सुरू झालं. तिनं हात पुसले. तेव्हा तिला दिसलं, त्याच्या मनगटावर पुन्हा एक रिंग होती. फुगलेली, वेडीवाकडी. तिच्या गाडीची जुनी. अंगणात फेकलेली.

"ही कधी उचललीत?"

"तुम्ही टाकीचा वास घेत होता तेव्हा." त्यानं रिंग बोटानं फिरवली. "एक विचारू? तुम्ही सगळं दोनदा तपासता. रिंगही दोनदा दाबून पाहिलीत. मग त्या दिवशी दुकानात… खोकं का नाही तपासलंत?"

जेबानं फिल्टर कापडात गुंडाळला. घडी केली. घडीवर घडी केली. वर पाहिलं नाही… मग पाहिलं.

"त्या दिवशी माझं लक्ष खोक्यात नव्हतं."

रस्त्यावर एक बस भोंगा वाजवत गेली. तो काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. पण ओठांवरून तिला ते वाचता आलं, अगदी सरळ, सलग.

"हाव," ती म्हणाली. "माझंही तेच आहे."

पायरीवरून फुफी उठली होती. अर्धा जबडा बधिर, पदर गालाला. ती दोघांच्या मधे येऊन उभी राहिली, यासेरच्या मनगटाकडे पाहिलं, जेबाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि बोबडं बोबडं, पण ठामपणे म्हणाली,

"तुज्या अम्मीचा नंबल दे. मला बोलायचंय."

यासेर आकडे सांगायला लागला, आणि चुकला. जेबानं त्याच्या हातातला फोन घेतला, त्यातून त्याच्या अम्मीचा नंबर शोधला, दोनदा तपासला, लावला, आणि फोन फुफीच्या हातात दिला.

रिंग वाजायला लागली.